खोलीभर पसरलेली दोरी

४ मार्च

शुश्रूषागृहाच्या मेट्रनबाई आज घर बघून गेल्या. घर म्हणजे मुख्यतः न्हाणीघर. दार किती रुंद, उंबरा किती उंच, भिंतीला धरायला दांडी आहे की नाही. ते सगळं टिपून झाल्यावर त्या माझ्या नवऱ्याच्या खुर्चीपाशी आल्या.

"काय आजोबा, कसं वाटतंय?"

त्याने तोंड उघडलं आणि शब्द शोधायला लागला. पक्षाघात झाल्यापासून हे असंच आहे. शब्द आत कुठेतरी असतो, त्याला बाहेरची वाट सापडत नाही. बाई पेन धरून ताटकळल्या, म्हणून मीच सांगितलं, "तसा बरा आहे. उजवा हात कामाचा नाही, पाय ओढत चालतो, जेवण निम्मं टाकतो." झोप कशी आहे, त्यांनी विचारलं. मी सांगितलं. चिडचिड करतात का? तेही मीच सांगितलं. तेवढ्यात त्याने डावा हात खुर्चीवर आपटला.

"ही बघा," मी म्हणाले, "ही अशी."

जाताना म्हणाल्या, बागेच्या बाजूची एक खोली एप्रिलअखेर रिकामी होते आहे. त्याआधी कळवा, नाहीतर पुढच्याला द्यावी लागेल.

गंमत अशी की हे शुश्रूषागृह व्हावं म्हणून मी मोर्चे काढले आहेत. टपाल कामगारांची आमची संघटना तेव्हा जोरात होती आणि माझा आवाजही. "म्हाताऱ्यांची काळजी घरातल्या एका बाईच्या पाठीवर टाकून मोकळा होणारा समाज मला मान्य नाही!" असं मी भर मैदानात म्हटलं आणि टाळ्या थांबेनात. त्या वाक्यातला शब्द न् शब्द मला आजही मान्य आहे. फक्त आज पाठ माझी आहे आणि म्हातारा माझा आहे. हे त्या भाषणात नव्हतं.

८ मार्च

वाचाउपचार करणाऱ्या बाई आल्या होत्या. मी त्यांना वाचाबाई म्हणते, त्या हसतात. चित्रं दाखवतात, तो नावं सांगतो. किल्लीला "दार" म्हणाला. कपाला बराच वेळ काहीच म्हणाला नाही, मग मी "कप" म्हटलं.

बाहेर आल्यावर वाचाबाई चपला घालता घालता म्हणाल्या, "त्यांना आवडणारं काहीतरी काम हातात द्या. खरं काम. चित्रांचा त्यांना कंटाळा आलाय."

"आणि?"

"आणि त्यांना बोलू द्या."

"मी काय अडवते का त्याला?"

"अडवत नाही. पुरवता."

मला राग आला. माणूस धडपडतोय, समोर दिसतंय, आणि आपण हात द्यायचा नाही? उभा जन्म मी ज्यांना बोलता येत नाही त्यांच्या वतीने बोलण्यात घालवला. त्यांनी कधी तक्रार केली नाही.

त्याला आवडणारं काय, याचा विचार करत भांडी घासली. पाणीपुरवठा खात्यात तो नकाशे काढायचा. आता उजवा हात गेला, नकाशे गेले. माझ्या प्रत्येक सभेला शेवटच्या रांगेत बसायचा, घरी येताना एका शब्दात निकाल द्यायचा. एकतर "चाललं" नाहीतर "लांबलं". म्हणून संघटनेत सगळे त्याला न्यायमूर्ती म्हणायचे. उरली नदी. सुट्टीच्या दिवशी एका मित्राबरोबर मासेमारीला जायचा. साधी नाही, ती खोट्या माशीची, फ्लाय फिशिंग म्हणतात ती. सामान सगळं मित्राचं. मित्र वारला, त्याच्या पोरांनी सामान फुंकून टाकलं. निवृत्त झालो की स्वतःचं घेईन, असं हा म्हणत राहिला. मग निवृत्त झाला, मग आजारी पडला.

घेऊया. तसंही घरात डायपर आणि गोळ्या सोडून नवीन काही येऊन बरेच दिवस झाले.

१२ मार्च

शेजारीणबाईंना त्याच्याजवळ बसवून दुकानात गेले. भिंतभर काठ्या आणि मधोमध एक जाडजूड, बोलका दुकानदार.

"या मावशी. नातवासाठी?"

"नवऱ्यासाठी. आणि मी तुमची मावशी नाही, गिऱ्हाईक आहे."

"बरं, गिऱ्हाईकमावशी, बसा."

बसले. पाय दुखत होते. रॉडला नंबर असतात. तीन, पाच, आठ. मी म्हटलं हे वजन असणार. तो म्हणाला, "वजनच, पण रॉडचं नाही, लाइनचं." लाइन म्हणजे दोरी. मग त्याने मला सगळा खेळ समजावून सांगितला, आणि चांगला सांगितला. साध्या गळाला टोकाशी शिसं बांधतात, त्याच्या वजनाने दोरी लांब जाते. इथे टोकाशी पिसाची माशी. तिला वजनच नाही. तिला कितीही जोरात फेका, नाकासमोर पडेल. म्हणून वजन दोरीतच भरलेलं असतं. फेकायची ती दोरी, माशी नुसती तिच्यामागून जाते.

हे मला फार आवडलं. मी म्हटलं, "आमच्या चळवळीसारखंच की. व्यासपीठावरचा माणूस पिसाएवढा, वजन सगळं मागच्या लोकांचं."

"असेल बुवा," तो म्हणाला. "नंबर पाच देऊ?"

"आठ नंबर जास्त मजबूत नाही का?"

"आहे. पण हात दमतो."

"कोणाचा?"

"सगळ्यांचा."

दमायचं सामान मला घरात पुरेसं आहे. पाच नंबर घेतला. नऊ फुटी, चार तुकड्यांचा. नवऱ्याचा एकच हात चालतो हे सांगितल्यावर दुकानदार गंभीर झाला. रॉड त्यांनी डाव्या हातात धरायचा, म्हणाला, आणि दोरी तुम्ही सांभाळायची. रील कुठलंही चालेल, या खेळात रील म्हणजे दोरी ठेवायचा डबा. मग म्हणाला, मासा लागला तर ओल्या हाताने धरा आणि अलगद सोडून द्या.

"सोडून द्यायचा? मग पकडायचा कशाला?"

इथे मात्र मी त्याला सोडलं नाही. भुकेसाठी मारणं मला समजतं. पण छळून वर उपकार केल्यासारखं सोडून देणं, हा रिकामटेकड्यांचा दयाळूपणा झाला, असं मी त्याला साधार पटवून दिलं. तो सामान बांधता बांधता मान हलवत होता. मधेच लाइनचं रीळ उचलून जाड टोक, बारीक टोक, आधी कुठलं बांधायचं, असं काहीतरी सांगत होता, पण तेव्हा मी बोलत होते.

१३ मार्च

आजचा दिवस बरा म्हणायचा. टेबलावर सगळं मांडलं. त्याची खुर्ची जवळ ओढली. रॉडचे तुकडे त्याने एका हाताने, मांडीत धरून, एकमेकांत बसवले. मग एक डोळा मिटून कड्यांमधून आरपार बघितलं आणि एक तुकडा किंचित फिरवला. कड्या एका ओळीत आल्या. नकाशावरची रेघ तपासताना तो असाच एक डोळा मिटायचा. मला एकदम भरून आलं, म्हणून मी चहा टाकायला गेले.

दोरीचं काम मात्र मी घेतलं. आधी रीलच्या दांड्याला एक पातळ, लांब दोरा बांधायचा, त्याला लाइन जोडायची आणि सगळं गुंडाळून टाकायचं. लाइन हिरवी, गुळगुळीत, प्लास्टिकच्या रिळावर आलेली. मी वेष्टण काढलं आणि ते रीळ हातातून निसटलं. टेबलाखाली, खुर्चीखाली, त्याच्या पायांत, सगळीकडे हिरवी वेटोळी. तो वाकून डावा हात पुढे करायला लागला. "तू बस, पडशील," मी म्हणाले. दुपार गुंता सोडवण्यात गेली. शेवटी एक टोक हाती लागलं ते दोऱ्याला घट्ट बांधलं आणि गुंडाळायला घेतलं.

"नाही," तो म्हणाला. "नाही. नाही. ह्या... दार... नाही."

दार लावायचं होतं का? दार लावलं. तरी "नाही" चालूच. त्याच्या हो-नाहीवर फार विसंबू नका, दोन्ही अदलाबदल होतात, असं वाचाबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. म्हणून मी हसून म्हटलं, "झालंच रे," आणि पूर्ण गुंडाळलं. छान, गोल, भरलेलं रील. त्याच्या हातात दिलं. तो भिंतीकडे बघत बसला. दमला असणार.

१७ मार्च

सकाळी बाजारातून आले तर खोलीभर दोरी. रीलमधून सगळी ओढून काढलेली. पलंगापासून कपाटापर्यंत, कपाटापासून दारापर्यंत. हा मधोमध खुर्चीत, मांडीवर रिकामं रील आणि तोंडात गाठ. चक्क दातांनी कुरतडत होता, तान्ह्या मुलासारखा.

"अरे, हे काय!"

त्याने गाठ तोंडातून काढून मला दाखवली. मी ती पुसली, पुन्हा घट्ट केली आणि सगळं गुंडाळून ठेवलं. त्याने डोळे मिटून घेतले.

जेवताना पुन्हा निम्मी थाळी माझ्याकडे सरकवली. रोजचंच आहे. मी रोज ती परत सरकवते.

२३ मार्च

पुन्हा दोरी. पुन्हा खोलीभर. पुन्हा दातांत गाठ. मी पुन्हा गुंडाळली.

मुलीचा फोन आला. तिला सांगितलं. ती म्हणाली, "आई, हे चांगलं लक्षण नाही. माझ्या मैत्रिणीचे सासरे शेवटी शेवटी असेच स्वेटर उसवत बसायचे."

"दोरी आहे गं. स्वेटर नाही."

"फरक काय? उद्या गिळली म्हणजे?"

संघटनेच्या सचिवाचाही फोन आला. मे महिन्यात अधिवेशन आहे, उद्घाटनाचं भाषण तुम्हीच करा. मी म्हटलं, मला घर सोडता येत नाही, दुसरं कोणी बघा. हे ऐकून नवऱ्याने टेबलावर इतक्या जोरात हात मारला की पेला पडून फुटला. फोनचा आवाज त्याला सहन होत नाही आताशा. काचा वेचल्या. एक बोटात गेली.

२९ मार्च

आज मी त्याच्यावर ओरडले.

तिसरी वेळ. मी न्हाणीघर पुसत होते, तेवढ्यात. यावेळी गाठ त्याने अर्धी सोडवली होती आणि ओठ फुटून हनुवटीवर रक्त आलं होतं. मी म्हटलं, "मी माणूस आहे का कोण? मी दिवसभर तुझं करते, त्यात हे गुंडाळणं आणखी! कशासाठी आणलं मी हे? तुझ्यासाठीच ना?" आणखीही बरंच. आवाज अजून शाबूत आहे माझा, शेजारीणबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. तो माझ्याकडे बघत होता. माझं संपल्यावर त्याने तोंड उघडलं.

"तू... तू... ती..."

"हो, मी वाईट आहे," मी म्हटलं. "माहीत आहे मला."

गाठ पक्की बांधून रील कपाटावर टाकलं. दिवसभर त्याची नजर कपाटावर. मी दुपारी त्याच्या खुर्चीशेजारीच जमिनीवर आडवी झाले, तिथेच डोळा लागला. जागी झाले तर त्याची शाल माझ्या अंगावर पडलेली. पांघरूणही धड राहत नाही आता त्याच्या अंगावर.

४ एप्रिल

अंघोळ घालताना त्याचा पाय सरकला. मी धरला, पण माझी पाठ गेली. दोघंही ओल्या फरशीवर बसून राहिलो. उठता येईना. पाणी गार झालं. मला हसू आलं, त्यालाही आलं, मग मला रडू आलं. शेवटी शेजारीणबाई आणि त्यांचे यजमान येऊन आम्हाला उचलून गेले. आधी त्याला, मग मला. एका आयुष्यात किती मोर्चे अडवले पोलिसांनी, असं कोणी उचलून नेलं नव्हतं मला.

डॉक्टर म्हणाले, वजन उचलायचं नाही. मी विचारलं, "नवरा वजनात धरायचा का?" डॉक्टर हसले नाहीत.

९ एप्रिल

मुलगी आली आहे. तिने दोन दिवस सगळं बघितलं आणि काल रात्रीच्या जेवणानंतर सरळ विषय काढला.

"आई, तू पडलीस तर बाबांचं कोण करणार? आणि त्यांना आता कळत नाही गं फारसं. मेट्रनबाईंना दोरीचं सांगितलं मी. त्या म्हणाल्या, अशा माणसांवर लक्ष ठेवायला तिथे चोवीस तास कोणी ना कोणी असतं."

"तो काय बोलला तुझ्याशी?"

"मला 'खुर्ची' म्हणाला दोनदा."

मी वाद घातला नाही. वाद घालायला उभं राहावं लागतं. मेट्रनबाईंना आम्ही घेतो खोली असं तोंडी कळवलं. पक्कं करायला मी पुन्हा फोन करायचा आहे.

मग त्याच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. का, कधी, कुठे, बाग कशी आहे, मी रोज येईन, हा त्याग नाही, हा समाजाने पेलायचा भार आहे. नीट, मुद्देसूद. तो ऐकत होता. मग त्याचे ओठ हलायला लागले. मला बघवेना. मी म्हटलं, "राहू दे रे. मला कळतंय तुला काय म्हणायचंय."

मुलगी उद्या परत जाते.

१४ एप्रिल

आज बरंच लिहायचं आहे. क्रमाने लिहिते.

तो तिथे जाण्याआधी त्याला एकदा नदी दाखवावी असं मनात होतं. शेजारीणबाईंच्या यजमानांनी गाडीने सोडलं, संध्याकाळी न्यायला येतो म्हणाले. काठाला सपाट गवत आहे, एक बाक आहे. त्याला बाकावर बसवलं. रॉड जोडला, दोरी कड्यांतून ओवली, टोकाला दुकानदाराने दिलेला पारदर्शक धागा आणि त्याला माशी बांधली. करड्या पिसाची, नखाएवढी. आधी गवतावर सराव करायचा असतो म्हणून मी उभी राहिले आणि दुकानदाराने दाखवलं होतं तसा रॉड मागे नेऊन पुढे मारला.

दोरी पायाशी पडली. पुन्हा मारला. पुन्हा पायाशी. जोर लावला, तर गळ्यात. मी पाठीची पर्वा न करता मारत राहिले. रॉडला शिव्या घातल्या, दुकानदाराला घातल्या, हा खेळ काढणाऱ्याला घातल्या. मग एक कळ अशी आली की रॉड टाकून मी गवतावर बसलेच. बोलायला दमही उरला नव्हता.

तेव्हा तो उठला. एकटा. मी "अरे" म्हणायला हवं होतं, पण तोंडातून शब्द निघेना. चालायची काठी टेकत आला, कसाबसा वाकला, माशीचा धागा तोडून टाकला आणि दोरीचं टोक दातांत धरलं. एका हातात काठी, दुसरा हात लोंबता, तोंडात दोरी. आणि चालायला लागला. माझ्याजवळ पडलेलं रील कुरकुरत फिरायला लागलं. दवाखान्यातून आल्यापासून तो पलंग ते न्हाणीघर याच्यापुढे चाललेला नाही. आता गवत तुडवत, पाय ओढत, थांबत, पुन्हा निघत तो लांब लांब जात होता. मला वाटलं, हा असाच निघून जाणार. रील थांबलं. दोऱ्याला बांधलेली माझी गाठ बाहेर येऊन पहिल्या कडीत अडकली होती. तो तिकडे वळून उभा राहिला. काठी उचलून माझ्याकडे रोखली. माझ्याकडे नाही, रीलकडे.

मी गाठ हातात घेतली. तिच्याजवळची दोरी बोटांत घेतली. चांगली जाड होती. का कोण जाणे, ती तशीच बोटांतून सरकवत मी त्याच्या दिशेने चालायला लागले. थोड्या अंतरापर्यंत जाड. मग बोटांतच ती बारीक झाली. आणि मग बारीकच. त्याच्यापर्यंत पोहोचले तोवर ती इतकी हलकी होती की हातात काही आहे असं वाटेना. त्याने ते टोक तोंडातून काढून माझ्या तळहातावर ठेवलं.

"ही," तो म्हणाला. श्वास घेतला. "आत." मग काठीने मागे, गाठीकडे दाखवलं. "ती. बाहेर."

वजन सगळं मी आत, रीलच्या तळाशी पुरून ठेवलं होतं. फेकत होते ती नुसती शेपटी. आणि तो पहिल्या दुपारपासून हे बघत होता. पुन्हा पुन्हा ओढून काढून मला दाखवत होता, दातांनी माझी गाठ सोडवत होता, आणि मी दर वेळी ती अधिक घट्ट करत होते. आणि त्याला कळत नाही, असं आम्ही मेट्रनबाईंना सांगितलं. मी सांगू दिलं.

त्याला बाकावर बसवलं. गाठ सोडवली, टोकं बदलली, उलट गुंडाळली. गुंडाळून झाल्यावर त्याच्याकडे बघितलं. मान डोलावली त्याने. रॉड त्याने डाव्या हातात घेतला, दोरी मी धरली. पहिल्यांदा वेडीवाकडी गेली. मग त्याने मनगट मागे नेऊन जरा थांबवलं. मला वाटलं विसरला. पण तो दोरी मागे पूर्ण उलगडायची वाट बघत होता. मग पुढे. ती हिरवी लांब रेघ हवेत गेली आणि पाण्यावर सरळ पडली.

मासा लागला नाही. गाडी आली तेव्हा आम्ही दोघंही बाकावर पेंगत होतो.

१५ एप्रिल

सकाळपासून मेट्रनबाईंना काय सांगायचं ते मनात जुळवते आहे. खोली नको. नवरा माझा इथेच राहील. त्याची बुद्धी शाबूत आहे, तुमच्या माझ्यापेक्षा जास्त आहे. चांगलं जमलं आहे भाषण. सुरुवात कडक, शेवट त्याहून कडक. मुलीने वाद घातला तर तिच्यासाठी वेगळे मुद्दे आहेत.

दुपारी त्याला पलंगावरून खुर्चीत घेताना पाठीतून अशी कळ गेली की डोळ्यांपुढे काळोख आला. त्याने पाहिलं. मी म्हटलं, काही नाही.

१६ एप्रिल

मेट्रनबाईंना आज कळवायचं. फोन उचलला होता. भाषण तोंडावर होतं. आणि लक्षात आलं की सगळ्यांना काय सांगायचं ते ठरवलं आहे, त्याला विचारलेलंच नाही. इतक्या दिवसांत एकदाही नाही.

फोन ठेवला. त्याच्यासमोर बसले.

"तिथे जायचंय का तुला?"

एवढंच. पुढची वाक्यं ओठांवर होती, ती गिळली. तो माझ्याकडे बघत राहिला. स्वयंपाकघरात पाणी उकळायला लागलं. उकळून उतू गेलं. गॅस विझल्याचा वास आला, तेवढा जाऊन बंद करून आले आणि पुन्हा बसले. तो अजून शोधत होता. त्याच्या कपाळावर घाम आला.

"तू," तो म्हणाला.

तू मला पाठवू नकोस, असं वाक्य माझ्याकडे तयार होतं. मी ते दिलं नाही.

"तू... पाठ." त्याचा डावा हात पुढे आला, माझ्या खांद्यामागून पाठीवर गेला, आणि नेमका दुखऱ्या जागेवर थांबला. "मोडते."

"अरे पण मी..."

त्याने तळहात वर केला. मी थांबले. पुन्हा बराच वेळ. बाहेर कोणीतरी दुचाकी चालू करत होतं, ती चालू होईना.

"जाईन," तो म्हणाला.

शब्द स्वच्छ आला. एकही अडखळण नाही. मला वाटतं इतके दिवस त्याच्याकडे तो तयारच होता. मला ओरडावंसं वाटलं. आता? आता, कालपरवा मला तू सापडलास, आणि आता जाईन? माझ्याकडे मुद्दे होते. त्यातला एकही खोटा नव्हता.

"रविवार," तो म्हणाला. "नदी."

"दर रविवारी?"

"हो." मग चेहरा आक्रसून, एकेक ओढून काढल्यासारखा, "सभा. जा. तू."

मला त्याचं हो-नाही उलटं होतं का हे बघायचं होतं, म्हणून, की नुसतीच आशा होती म्हणून, मी पुन्हा विचारलं, "इथे राहायचं नाही तुला?" त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी दुसरीकडे बघितलं.

मेट्रनबाईंचा नंबर लावला. "बोला, काय ठरलं तुमचं?" त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "ते स्वतः सांगतील," आणि फोन त्याच्या डाव्या हातात दिला.

त्याने तो कानाला लावला. ओठ हलायला लागले. पलीकडून मेट्रनबाईंचं "हॅलो? हॅलो? कोणी आहे का?" मला इथपर्यंत ऐकू येत होतं. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले.